वाजणारा फिल्टर

आमच्या घरात त्या काळी सगळेच मोठ्यानं बोलायचे, म्हणून माझं काय चाललंय हे कुणाच्याच लवकर लक्षात आलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर होते आणि घरी आले तरी बॉयलरशेजारी उभं असल्यासारखेच बोलत. मग आईलाही आवाज चढवावा लागे. देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला कारखान्याच्या वसाहतीत, अगदी शेवटच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी भोंगा व्हायचा, त्याच्या आधी आईचा स्टोव्ह फरफरायचा, त्याच्याही आधी परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायचा. हे सगळे आवाज आता मला नुसते आठवतात. मला ऐकू येत नाही. तरुणपणीच कान गेले ते गेले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच पुढे कसली आशा धरायला नको.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. कालव्याला पाणी कधी यायचं, कधी नाही. ऊस जागेवर वाळत होता आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळत होता. त्याची लालसर भाकरी गरम असताना खाल्ली तर खाल्ली, गार झाली की दाताखाली चामडं. आई त्याबरोबर हुलग्याचं माडगं करायची आणि माझ्या वाटीत लसणाची फोडणी जास्त ओतायची. माझ्या वाटीत सगळंच जास्त असायचं, कारण मला क्षय झाला होता. माझी वाटी, माझा पेला फडताळात वेगळा ठेवलेला असे. कोपऱ्यावरच्या घरून आई पदराआड अंडी आणायची. आमच्यात अंडं चालत नव्हतं, पण ती मागच्या दारी विटांच्या चुलीवर उकडायची आणि दादांना ते माहीत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. दादा जेवताना मुद्दाम दाराकडे पाठ करून बसत.

औषधाच्या पुड्या होत्या, कडू गोळ्या होत्या आणि रोज सकाळी सुई होती. दवाखाना लांब नव्हता, पण आई रोज माझ्याबरोबर यायची. मी चांगला मिसरूड फुटलेला मुलगा, मला लाज वाटायची. ती ऐकायची नाही. "सुई चुकवायची न्हाई, डाक्टरनी बजावलंय," एवढंच तिचं पालुपद. कंपाउंडर सुई उकळत्या पाण्यातून काढायचा तेव्हा ती डोळे मिटून हात जोडायची. त्या औषधाला तिनं देवाच्या जागी बसवलं होतं आणि त्यात तिचं काही चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. आमच्या ओळीतली दोन माणसं क्षयानं गेली तेव्हा हे औषध आमच्याकडे पोचलंच नव्हतं.

मला खरं वेड होतं ते वायरलेसचं. भिंगारला आण्णा राहायचे. पारनेरकडचा माणूस, लष्करात सिग्नलमध्ये हवालदार होऊन निवृत्त झालेला. कॉलेजात असताना त्यांच्या अंगणातली उंच तार बघून मी आत शिरलो होतो आणि मग तिथलाच झालो. मोर्स, म्हणजे ठिपक्यांची आणि रेघांची तारेची भाषा, त्यांनी शिकवलं. हौशी वायरलेसचा परवाना त्यांच्यामुळे मिळाला. पुढे बोटीवर वायरलेस ऑपरेटर व्हायचं हे तेव्हाच डोक्यात बसलं. मुंबईला त्या शिक्षणासाठी मी निवडला गेलो होतो आणि आजारामुळे सवलत म्हणून माझी जागा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवली होती. बरं व्हायचं आणि जायचं, एवढंच मला दिसत होतं. राहुरीच्या पलीकडे फारसं न गेलेल्या आमच्या घराण्यातला कुणीतरी समुद्रावर जाणार होता.

तोवर वेळ घालवायला मी स्वतःचा ट्रान्सिव्हर बांधत होतो. ट्रान्सिव्हर म्हणजे ऐकायचं आणि पाठवायचं यंत्र एकाच पेटीत. लष्कराच्या लिलावातला माल नगरच्या जुन्या बाजारात यायचा, तिथून आण्णांनी निवडून दिलेले भाग. घराच्या कौलांवरून बाभळीपर्यंत एरियलची तार गेली तेव्हा वसाहतीत कुजबुज झाली की बॉयलरवाल्याचं पोरगं हेरगिरी करतंय. मग कुजबुज संपली आणि चेष्टा सुरू झाली. "सदा, दिल्लीला इचार की, पान्याचं काय!" येताजाता कुणीही म्हणायचं. दादा पेटीकडे बघून नुसते हसायचे. "एवढ्या डबड्यात जग मावतं व्हय रे?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही.

नोव्हेंबरअखेर जगभरच्या हौशी लोकांची मोर्सची मोठी स्पर्धा असायची. दोन दिवसांत जितकी जमतील तितकी स्टेशनं गाठायची. त्या दोन दिवसांत बँडवर, म्हणजे हौशींना नेमून दिलेल्या लहरींवर, आठवड्याचा बाजार भरतो. हजारो माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून एकाच वेळी ओरडत असतात आणि तुम्हाला त्यातला एकच आवाज हवा असतो. ते काम फिल्टरचं. आईकडे दोन चाळण्या होत्या, एक मोठ्या भोकांची आणि एक मैद्याची. फिल्टरचंही तसंच. रुंद असला तर शेजारचे चार आवाज आत घुसतात, अरुंद असला तर हवा तोच तेवढा येतो. पण फार अरुंद केला की फिल्टर वाजायला लागतो. म्हणजे आवाज थांबला तरी त्याची बारीक किणकिण मागे राहते, पितळेच्या ताटलीला टिचकी मारल्यावर राहते तशी. ठिपका कुठे संपला आणि रेघ कुठे सुरू झाली, हे मग कळत नाही. अरुंद तर हवा, पण वाजता कामा नये, यातच सगळं कौशल्य.

माझा फिल्टर मी क्वार्ट्झच्या क्रिस्टलांचा केला होता. काळ्या डबीत नखाएवढी पारदर्शक चकती असते, ती काढायची, काचेवर बारीक पूड आणि पाण्याचे थेंब टाकून बोटाच्या टोकानं हळूहळू फिरवत घासायची. घासली की तिची कंपनं वाढतात. थोडं घासायचं, धुवायचं, सेटमध्ये लावून बघायचं, पुन्हा घासायचं. चार क्रिस्टलं जोडीजोडीनं एकमेकांशी जुळली पाहिजेत. जास्त घासलं तर ते क्रिस्टल गेलं, घासलेलं काही भरून येत नाही. मी दिवसभर ओसरीवर बसून हेच करायचो. आई म्हणायची, "हा रांगोळी घालतोय का देव घासतोय, काय कळंना."

गणपतीच्या सुमाराला फिल्टर तयार झाला. लावला आणि लगेच वाजायला लागला. बारीक, उंच, न थांबणारी किणकिण. मी क्रिस्टलांची एक जोडी बदलली. किणकिण तशीच. वायरिंग सोडवलं, पुन्हा जोडलं. किणकिण तशीच. कानावरचे इअरफोन काढले तरी ती येत राहायची, पण त्यात मला नवल वाटलं नाही. तासन्‌तास मोर्स ऐकणाऱ्याच्या कानात सूर मागे राहतोच, हे आण्णांनीच सांगितलं होतं. मी आपला फिल्टरला शिव्या देत राहिलो. आणखी एक गोष्ट मी करत होतो आणि तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं. रिसीव्हरमध्ये मोर्सचा सूर हवा तसा उंच किंवा खाली ठेवता येतो. मी तो रोज थोडा खाली आणत होतो. आधी शिट्टीसारखा होता, मग बासरीच्या खालच्या सुरासारखा, शेवटी भुंग्यासारखा घुमायला लागला. खालच्या सुरात फिल्टर कमी वाजतो, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

चालताना तोलही जात होता. कालव्याच्या कडेनं दवाखान्यातून परत येताना आई माझा दंड धरायची. पारावर बसलेले म्हणायचे, "सकाळ-सकाळीच लावली का रं?" आणि मीही हसायचो. अशक्तपणा आहे, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. एकदा आईनं विचारलं, "सदा, तू हाका मारल्या तर ओ का देत न्हाईस?" मी म्हटलं, "सेटचं वाजत असतं कानात." तिनं लसूण घालून तेल कडवलं आणि दोन्ही कानांत सोडलं. डॉक्टरांनी तपासताना दर वेळी विचारलं होतं, आणखी काही त्रास? मी दर वेळी नाही म्हटलं. माझ्या लेखी त्रास सेटला होता. फिल्टर वाजतो म्हणून कुणी डॉक्टरला सांगतं का? इतर कुणाही पोरानं कानात किणकिण झाल्यावर ती कानाचीच मानली असती. तिला माझ्याकडे नाव होतं, कारण होतं आणि उपायही होता, म्हणून मी ती लपवली. लपवलीसुद्धा नाही, मला ती कळलीच नाही.

दसरा झाल्यावर सेट गोधडीत गुंडाळून मी एस.टी.नं भिंगारला निघालो. मांडीवरचं ओझं बघून कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं आणि भांडण होऊन शेवटी अर्ध्या बसनं माझी बाजू घेतली. आण्णांकडे लष्करी रिसीव्हर होता, दगडासारखा जड. त्यात एकाच क्रिस्टलचा जुन्या पद्धतीचा फिल्टर. त्यांचा जुना आणि माझा नवा, दोन्ही शेजारी मांडून बघायचं ठरलं. तुलनेबाबत आण्णांची शिस्त कडक होती. एरियल एकच, मध्ये खटका. स्टेशन एकच. इअरफोन एकच. "समदं सारखं ठिवायचं, बदलायचा फकस्त फिल्टर. मंग जो फरक दिसंल त्यो फिल्टरचा." यापेक्षा शहाणं कुणी काय सांगणार? आणि कानही एकच असायचा, माझा.

दुपार टळत होती. आधी माझा सेट ऐकला. वाजत होता. मग खटका पाडून आण्णांचा. मी ऐकताना नेहमी डोळे मिटतो, तसे मिटले. स्टेशनं लांब गेल्यासारखी वाटत होती आणि त्यांच्यावर तीच बारीक किणकिण. मला आनंद झाला, हे लिहायलाच हवं. म्हणजे दोष एकट्या माझ्या फिल्टरचा नव्हता. मी म्हटलं, "आण्णा, तुमचाही वाजतोय की. माझ्याइतकाच." मी बटण थोडं फिरवलं. "आता स्टेशनं गेली, पण हा वाजणं सोडत नाही. बघा तुम्ही."

कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. डोळे उघडले तर आण्णा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. डोक्यावरचा पंखा थांबत आला होता. रिसीव्हरच्या तबकडीमागचा दिवा विझलेला होता. ते वाकून माझ्या तोंडासमोर तोंड आणून बोलले, म्हणून मला नीट कळलं.

"सदा, सेट बंद हाय. लाईट गेलीया."

मी म्हटलं, "पण वाजतोय."

"काय बी वाजत न्हाई, लेकरा."

इअरफोन त्यांनीच माझ्या डोक्यावरून काढून टेबलावर ठेवले. किणकिण तशीच होती. आण्णांच्या घरात, त्या शांत खोलीत, दोन मेलेल्या सेटांसमोर बसून मी ती पहिल्यांदा नुसती ऐकली. तेव्हा ती खूप मोठी होती. आण्णांनी खिशातलं घड्याळ काढून माझ्या उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. मला टिकटिक आली नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, ते चालू आहे ना हे बघायला, आणि परत खिशात घातलं.

दुसऱ्याच दिवशी आण्णा आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आले. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं माझ्या कपाळाला, कानामागे कान तपासायचा कसलासा घुमणारा चिमटा वाजवून लावला, खूप प्रश्न विचारले आणि मग खुर्चीत मागे टेकला. "हे सुईमुळे होतं कधीकधी, आधी उंच आवाज जातात, तोलही जातो. किणकिण सुरू होते तेव्हाच थांबवावी लागते. आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, फिल्टर वाजतोय असं वाटलं. त्याला कळलं नाही. आण्णांनी समजावून सांगितलं, तरी कळलं नाही. सुई त्या दिवसापासून बंद झाली. आईनं विचारलं, "मंग आता कान परत येतील न्हवं?" डॉक्टर म्हणाला, गेलेलं येत नाही, राहिलेलं राहिलं तर नशीब. बाहेर आल्यावर आई दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. रोज हात धरून कोण आणत होतं, मीच की, असं ती म्हणत होती. मला ते अर्धं ऐकू आलं. उरलेलं आण्णांनी पुढे कधीतरी सांगितलं.

राहिलेलं राहिलं नाही. उतारावर बैलगाडी सुटावी तसे कान गेले. दिवाळीत फटाके लांबच्या गावात वाजावेत तसे वाजले. त्यानंतर भोंगा गेला. क्षय मात्र बरा झाला. जीव वाचला ना, असं मला आजवर अनेकांनी सांगितलंय. वाचला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते वाक्य ऐकून मला कधी बरंही वाटलेलं नाही. मुंबईची जागा आपोआप गेली, येणार नसल्याचं मी कळवलंसुद्धा नाही.

हल्ली संगणकावर या छंदाचं नवं रूप आलंय. आवाजाऐवजी सांकेतिक सूर जातात, यंत्रच ते ओळखतं आणि पडद्यावर अक्षरं उमटवतं. त्याच्याही स्पर्धा होतात आणि कुठल्या ट्रान्सिव्हरचा फिल्टर शेजारच्या सुरांना किती अडवतो, यावर लोक आलेख काढून पानंच्या पानं लिहितात. मी ती सगळी वाचतो आणि मनातल्या मनात वादही घालतो. पुतण्यानं एकदा मोठ्या हौसेनं घरी सगळं मांडून दिलं. "काका, याला कान लागतच नाहीत." खरंच लागत नाहीत. ब्राझीलच्या माणसाचं नाव पडद्यावर आलं, माझं त्याला गेलं, दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. मी थोडा वेळ बघितलं आणि चहा प्यायला उठलो. पुतण्याला वाईट वाटलं. त्याला काय सांगणार? मोर्समध्ये माणूस ओळखू यायचा. कुणाची रेघ किंचित लांब, कुणी घाईतला, कुणी वयस्क, थांबून थांबून ठोकणारा. ते चाळणीतून खाली पडून गेलं होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरअखेर स्पर्धेचा दिवस आला. आण्णा सकाळच्या गाडीनं आले. बहुधा आईनंच बोलावणं धाडलं असावं, मी सेटपाशी एकटा नको म्हणून. मी म्हटलं, मी हाक मारणार. आण्णांनी हातानंच विचारलं, कशासाठी? परवाना होता, सेट चांगला होता, हात चांगला होता. पाठवायला कान लागत नाहीत, बोटांना मोर्स ठोकायची कळ, ‘की’, माहीत असते. दुपारची वेळ होती, लहरींना युरोपची दारं उघडी असणार. इअरफोन मी आण्णांच्या डोक्यावर चढवले आणि की पुढे ओढली. दादा कामावर गेले नव्हते. ते दारात उभे राहिले, आई त्यांच्या मागे.

मी सर्वांना हाक दिली आणि माझ्या स्टेशनचं नाव ठोकलं. पुन्हा दिली. थांबलो. थांबायचं किती, हे एरवी कान सांगतात. मी अंदाजानं थांबलो आणि पुन्हा हाक दिली. माझा हात कधी इतका स्वच्छ चालला नव्हता. आण्णांचं तोंड बघायचं नाही असं ठरवून मी समोरच्या भिंतीकडे बघत ठोकत राहिलो. मला काही ऐकू येत नव्हतं आणि तरी कुणीतरी कुठेतरी ऐकत होतं, एवढं मला पुरलं असतं.

आण्णांनी माझं मनगट धरलं. मी वळलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. कानाशी तोंड लावून ते ओरडले तेव्हा शब्द कसेबसे आत आले.

"थांब जरा! बोलवत्यात तुला!"

"किती जण?"

"लई हायेत. एकमेकांच्या अंगावर पडत्यात. मी लिवून दाखवतो, तू जबाब दे."

त्यांनी पेन्सिल उचलली होती. माझ्या घरासाठी, त्या दोन खोल्यांसाठी, सगळ्या युरोपानं दारात गर्दी केली होती आणि मला ती दुसऱ्यानं लिहून दाखवायची होती. मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही. मी मान हलवून नको म्हटलं. मग कीवर हात ठेवला आणि स्टेशन बंद करतोय असा जो ठरलेला संकेत असतो तो ठोकला, शेवटी सगळ्यांना नमस्कार. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आण्णांनी शिकवलं होतं तसं. आण्णा इअरफोन धरून ऐकत बसले. बराच वेळ गेला असं वाटल्यावर मी विचारलं, "गेले का?"

आण्णांनी नाही म्हणून मान हलवली. ते अजून बोलावत होते.